सुईणीचे हात आणि प्राचार्यांची खुर्ची



इगतपुरीतल्या आमच्या वस्तीतली एक मुलगी यंदा जीएनएमला लागली. तिच्या शपथविधीला आम्ही चार-पाच कार्यकर्ते गेलो होतो. पांढरे गणवेश, हातात पणत्या, समोर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हार घातलेला फोटो, सगळे रीतीप्रमाणे. मुलीची आजीही सोबत होती. या आजीने उभे आयुष्य गावची बाळंतपणे केली. किती केली ते तिने कधी मोजले नाही. कार्यक्रम संपल्यावर तिने फोटोकडे बोट दाखवून नातीला विचारले, "ही बाई कोण गं?" नात म्हणाली, "नर्सिंगची सुरुवात यांनी केली, आजी." आजी म्हणाली, "मग मी काय करत होते?"

तेव्हा आम्ही हसलो. परतीच्या गाडीत मात्र त्याच प्रश्नावर बोलणे सुरू झाले आणि इगतपुरी स्टेशन येईपर्यंत संपले नाही. हा लेख त्या चर्चेतून निघाला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. नाइटिंगेलबाईंशी आमचे भांडण नाही. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी नर्सिंगची शाळा उभी केली आणि शुश्रूषा हे शिकून करायचे काम आहे हे जगाला पटवून दिले. हे काम मोठेच आहे. पण त्या दिवशी मुलींनी जी शपथ घेतली, ती नाइटिंगेलबाईंनी लिहिलेली नाही. ती १८९३ मध्ये अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातील एका नर्सिंग शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या समितीने तयार केली आणि तिला नाइटिंगेलबाईंचे नाव दिले. म्हणजे शाळा चालवणाऱ्या बायकांनी ठरवले की आपल्या विद्यार्थिनींनी कोणत्या शब्दांत वचन द्यायचे, आणि आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आमच्या वस्तीतली पोरगी तेच वचन देते. नर्सिंगच्या शिक्षणातले नेतृत्व म्हणजे काय, हे समजायला एवढे उदाहरण पुरे. शिकवणारा ठरवतो की ज्ञान कशाला म्हणायचे, पूर्वज कोणाला म्हणायचे आणि कोणाला विसरायचे.

मग आमच्या आजीला कोणी विसरले?

गावगाड्यात बाळंतपण कोणाच्या वाट्याला होते ते पाहा. दख्खनच्या कितीतरी गावांत सुईण मांगवाड्यातून यायची, काही ठिकाणी महारवाड्यातून, काही ठिकाणी न्हाव्याच्या घरातून. कळा सुरू झाल्या की पाटलाच्या वाड्यातूनही बोलावणे यायचे. एरवी जिची सावली चालत नव्हती, तिचे हात त्या रात्री चालायचे. मूल बाहेर काढणे, नाळ कापणे, वार पुरणे, रक्ताची धुणी धुणे हे सगळे तिच्याकडून करून घ्यायचे आणि सकाळी ती गेली की घर सारवून, गोमूत्र शिंपडून शुद्ध करायचे. मोबदला काय, तर शिधा, नारळ, फार तर जुने लुगडे. आडवे आलेले मूल पोटावरून चाचपून ओळखणारी ही बाई ज्ञानी मानली गेली नाही. विटाळाचे काम आहे म्हणून ते तिचे, आणि तिचे आहे म्हणून ते हलके. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिसंहार' लिहिताना दाखवून दिले की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे. सुईणीचे काम हा त्याचा धडधडीत पुरावा आहे.

पण येथे आपल्या लोकांनीही भाबडे होऊ नये. सुईणीच्या ज्ञानाचा गौरव करताना तिच्या हातून गेलेल्या बायकाही आठवल्या पाहिजेत. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'मध्ये महारवाड्यातल्या बाळंतपणाचे जे वर्णन केले आहे, ते वाचून अंगावर काटा येतो. कोवळ्या पोरी, पोटात अन्न नाही, न धुतलेले हात, थांबत नसलेले रक्त. जे शिक्षण सुईणीला मिळायला हवे होते ते मिळाले नाही, त्याची किंमत आपल्याच आयाबहिणींनी मोजली.

ही किंमत सर्वांत आधी कोणी लिहून ठेवली? जोतीराव-सावित्रीमाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग मुलीने. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध दोन भागांत छापून आला. तिच्या धर्मचिकित्सेबद्दल आपण नेहमी बोलतो आणि बोललेच पाहिजे. पण त्याच निबंधात ती बाळंतिणीबद्दल लिहिते, तो भाग आपण भाषणात घेत नाही. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, आणि त्यांना बाळंतरोग झाला तर औषधाला पैसे कुठून आणायचे, असे ती विचारते. फुकट औषध देईल असा माणुसकीचा वैद्य तुमच्यात होता का, असेही विचारते. ती तेव्हा जेमतेम चौदा वर्षांची होती. महाराष्ट्रातल्या माता-आरोग्याचा इतिहास लिहायचा तर पहिले पान या मुलीचे आहे, असे आम्हाला वाटते.

आठ वर्षांनी, १८६३ मध्ये, फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे तिथे झाली आणि त्यांच्यामागे सावित्रीमाई स्वतः उभ्या राहिल्या. काशीबाई नावाच्या विधवेला तिथे झालेला मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला आणि तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना चालवला आणि सावित्रीमाई रोग्यांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले. तो वाचला. त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आजकाल आपल्याच काही मंडळींच्या पोस्टमध्ये सावित्रीमाईंना 'भारतातील पहिल्या नर्स' म्हटलेले दिसते. आम्हाला हे पटत नाही. त्यांनी नर्सिंगची शाळा काढली नव्हती, त्यांच्याकडे त्या शिक्षणाचे प्रमाणपत्र नव्हते. त्यांचे मोठेपण सिद्ध करायला खोट्या बिरुदाची गरज काय? शिकवणारी बाई आणि रोग्याला उचलणारी बाई एकच होती, आणि रोग्याची जात तिने पाहिली नाही, एवढे खरे आहे आणि एवढे पुष्कळ आहे. त्याच काळातल्या रुग्णालयांत शिकवणारी एक, राबणारी दुसरी आणि दोघींची जात, वर्ण, जेवणाची पंगत वेगळी होती.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १८८०च्या दशकात परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. शिकवणाऱ्या इंग्रज. १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत ही पहिली भारतीय विद्यार्थिनी तिथे आली. नर्सिंगच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात तिला एक ओळ मिळते, नाइटिंगेलबाईंना एक प्रकरण. १८८५ चा डफरिन फंड आणि १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी काढलेला व्हिक्टोरिया स्मारक निधी यांनी बायकांच्या वैद्यकीय मदतीची आणि दाईंच्या प्रशिक्षणाची व्यवस्था केली, पण त्या काळच्या लिखाणात देशी दाई म्हणजे घाणेरडी, अडाणी, मृत्यूची दूत. ती घाणेरडी का राहिली, तिला पाणवठ्यावर पाणी का भरू देत नव्हते, हे त्या लिखाणात नाही. जिला विहिरीवर बंदी होती, तिनेच हात धुतले नाहीत म्हणून दोषी ठरायचे!

आता सुधारकांकडे येऊ. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले आणि तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यात उच्चवर्णीय विधवा होत्या. परपुरुषाच्या, परजातीच्या रोग्याचे मलमूत्र काढायचे, या कल्पनेनेच त्या समाजात गहजब झाला. रमाबाईंनी तो सोसला, त्यासाठी त्यांना मानले पाहिजे. पण एक शब्द बघा. ब्राह्मण विधवेने जखम धुतली तेव्हा त्या कामाला 'सेवा' हे नाव मिळाले. हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या मांगिणीला, महारणीला हा शब्द कधी मिळाला नव्हता, तिचे ते नुसते काम. काम तेच, माणूस बदलला आणि नाव बदलले. वर्गात शिकवले जाणारे 'परिचर्येचे उदात्त ध्येय' कुठून सुरू झाले असे मानायचे, याचा निकाल तिथे लागला.

आपल्या मुलींना वर्गात खरा शिरकाव मिळाला तो मिशन रुग्णालयांत. अहमदनगरकडचे मराठी ख्रिस्ती बहुतेक महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांच्या लेकींनी नगर, मिरज, वाई, जालना अशा ठिकाणच्या मिशनच्या दवाखान्यांत टोपी घातली. सवर्ण घरांनी नर्सिंगला नाक मुरडले म्हणून देशातल्या नर्स दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात ख्रिस्ती राहिल्या, हे सगळेच सांगतात. त्यातल्या किती जणींच्या आज्या महारवाड्यातल्या होत्या, हे कोणी सांगत नाही. मिशनने अक्षर दिले, हाताला शास्त्र दिले. मेट्रनची खुर्ची मात्र बराच काळ गोऱ्या बाईकडे राहिली.

या शिक्षणाचा गावातल्या आपल्या माणसाला काय उपयोग झाला, ते बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये नोंदवलेल्या एका प्रसंगातून कळते. काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये गांधीजींच्या 'यंग इंडिया'त छापले गेले होते. बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. फी ठरली, बाळंतिणीला वस्तीबाहेर आणले, तेव्हा डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा वाचला आणि न्यूमोनिया सांगितला. नाडीला हात लावला नाही. बाई मेली. मुक्ताने १८५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला ७४ वर्षांनी मिळालेले हे उत्तर. डॉक्टरकडे शिक्षण होते, पदवी होती, थर्मामीटर होता. त्याला ज्यांनी शिकवले त्यांनी त्याच्याकडून जात काढून घेतली नव्हती. म्हणून आम्ही म्हणतो की कोण शिकवते हा प्रश्न मानापमानाचा नाही, जिवाचा आहे.

बाबासाहेब स्वतः या प्रश्नाकडे कायद्याच्या बाजूने आले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९३८ मध्ये संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मांडला. तो फेटाळला गेला. आणि गावात त्यांनी काय सांगितले? मेलेली ढोरे ओढू नका, हलकी ठरवलेली कामे सोडा. पुढे उत्तर प्रदेशात चर्मकार समाजाने 'नारा-मवेशी' आंदोलन केले, त्यात पुरुषांनी मेलेले जनावर उचलायला आणि बायकांनी सवर्णांच्या घरी नाळ कापायला नकार दिला. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. नकार योग्यच होता. पण काम सोडल्यावर त्या कामातले ज्ञान घेऊन आपण कुठे गेलो? आजीने काम सोडले आणि नात त्याच कामाच्या वर्गात परकी म्हणून बसली, मधल्या दोन पिढ्यांचा दुवा तुटला.

हा दुवा कसा सांधायचा, याचे उदाहरण अमेरिकेतल्या काळ्या परिचारिकांनी दिले आहे. १९०८ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी भारतात ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली आणि तिचे नेतृत्व युरोपियन बायकांकडे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला मार्था फ्रँकलिन यांच्या हाकेला ५२ काळ्या नर्स जमल्या आणि त्यांनी स्वतःची राष्ट्रीय संघटना काढली, कारण गोऱ्यांच्या संघटनेची दारे बहुतेकींना बंद होती. पुढे मेबल स्टॉपर्स यांनी ती चालवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला नर्स कमी पडत होत्या, तरी काळ्या नर्सना मोजक्याच जागा. स्टॉपर्सबाईंनी थेट राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीपर्यंत धडक मारली आणि १९४५ मध्ये ती अट मोडली. सर्वसाधारण संघटनेत समान प्रवेश मिळाल्यावर १९५१ मध्ये त्यांनी आपली संघटना स्वतःहून विसर्जित केली. त्यांनी नुसत्या नोकऱ्या मागितल्या नाहीत. शाळांचे प्रवेश, नोंदणी, परीक्षा, सैन्यातली पदे, जिथे जिथे निर्णय होतो तिथे तिथे त्या जाऊन बसल्या.

आपल्याकडे काय झाले? १९४६ च्या भोर समितीने हिशेब मांडला तेव्हा देशात ४३,००० माणसांमागे एक नर्स होती. १९४७ च्या अखेरीस भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. मुंबईत १९६४ मध्ये एसएनडीटी विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय निघाले. सरकारी नर्सिंग शाळांत वसतिगृह आणि विद्यावेतन मिळे, आणि धम्मदीक्षेनंतर शिकलेल्या आपल्या पहिल्या पिढीच्या मुली त्या वाटेने गेल्या. आज बौद्ध वस्तीत असे घर शोधून सापडणार नाही, ज्याच्या नात्यात एखादी 'सिस्टर' नाही. त्या बायकांनी भावांची शिक्षणे केली, घरे बांधली, चळवळीला वर्गणी दिली. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नाही, आपणही नाही. या आमच्या चुकीचे खापर मनुवाद्यांवर फोडता येणार नाही.

इगतपुरीहून नाशिक रोडला सकाळच्या गाडीने नर्सिंगच्या मुली जातात. नाशकात म्हसरूळला १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. राज्यातल्या बहुतेक महाविद्यालयांच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या परीक्षा तिथून चालतात. म्हणजे सत्ता आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे. पण तिथल्या अभ्यासमंडळावर बसायचे, महाविद्यालयाचे प्राचार्य व्हायचे, तर आधी एम.एस्सी. नर्सिंग आणि शिकवण्याचा अनुभव लागतो. आमची मुलगी जीएनएमची तीन वर्षे करते आणि नोकरी धरते, कारण घरात धाकटी भावंडे असतात. पोस्ट बेसिकची दोन वर्षे, एम.एस्सी.ची आणखी दोन, या काळात घर कोण चालवणार? आमच्या ओळखीच्या एका ताईने रात्रपाळ्या करून एम.एस्सी. पूर्ण केली. एका खासगी संस्थेत ट्यूटरच्या मुलाखतीला गेली, तर गुणपत्रिका बाजूला ठेवून तिला विचारले गेले, "जयभीमवाले का तुम्ही?" जागा दुसरीला मिळाली. ताई पुन्हा वॉर्डात. ती वॉर्डात आहे म्हणून रोग्यांचे भले आहे, पण ती वर्गात असती तर दर वर्षी चाळीस-पन्नास मुलींना तिने थर्मामीटरची ती गोष्ट सांगितली असती.

आणि घाटाच्या या बाजूला अजून सुईणीचे राज्य संपलेले नाही. इगतपुरी तालुक्यात आदिवासी पाडे आहेत, पाऊस असा की रस्ता दिसत नाही. बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणल्याच्या बातम्या आपण पावसाळ्यात वाचतो. १९७०च्या दशकात सरकारने दाईंना प्रशिक्षण आणि पेटी दिली, २००५ नंतर दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला, दाई मागे पडली आणि आशाताई आली. ती कामगार नाही म्हणे, 'स्वयंसेविका' आहे. तिला पगार नाही, मानधन आहे. पुन्हा तोच सेवेचा शब्द, या वेळी मात्र पैसे कमी द्यायला वापरलेला. सेवासदनात जो शब्द मान द्यायला आला, तो पाड्यावर हक्क नाकारायला आला.

२०२३ मध्ये १९४७ च्या परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा नवा कायदा झाला. त्यात 'प्रसविका' हा शब्द सन्मानाने आला आहे. आयोग २९ जणांचा. त्या २९ खुर्च्यांवर कोण बसते, राज्य पातळीवर कोण बसते, अभ्यासक्रमात सुईणीचा इतिहास येतो की नाही, हे विचारायला आंबेडकरी विद्यार्थी संघटनांनी आजच सुरुवात केली पाहिजे. आपल्या मोर्चांत शिष्यवृत्तीचा प्रश्न असतो आणि तो असलाच पाहिजे, पण नर्सिंगच्या किती मुली आपल्या संघटनांत पदाधिकारी आहेत? आमच्या तालुक्यात आम्ही मोजल्या, एकही नाही. नाशिक ही शांताबाई दाणींची भूमी. एका महार घरातली मुलगी शिकली, विधान परिषदेवर गेली आणि रमाईच्या नावाने मुलींसाठी शिक्षणसंस्था उभी केली. हे ज्या जिल्ह्यात घडले, तिथे आपण भरतीच्या जाहिराती फॉरवर्ड करण्यापुरतेच उरलो आहोत.

येत्या १० मार्चला आम्ही इगतपुरीत तालुक्यातल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी, नोकरीतल्या सिस्टर, आशाताई आणि हयात असलेल्या सुईणी यांना एकत्र बसवणार आहोत. भाषणे कमी ठेवू. पोस्ट बेसिक आणि एम.एस्सी. करू इच्छिणाऱ्या दोन मुलींच्या घरखर्चासाठी वर्गणीची वही त्या दिवशी उघडू, नोकरदार मंडळींनी खिशात हात घालून यावे.

शपथ घेतलेल्या त्या मुलीला आता केसबुक लिहावे लागते. पाहिलेली, केलेली प्रत्येक प्रसूती क्रमांक घालून लिहायची आणि बाईंची सही घ्यायची. त्याच्याबरोबर तिने दोनशे पानी वही घेतली आहे, त्यात रविवारी आजी सांगते ते ती लिहून घेते आणि समोरच्या पानावर पुस्तक काय म्हणते ते लिहिते. मागच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा आजी नाळेबद्दल सांगत होती. कापल्यावर आम्ही चुलीतली राख लावायचो, असे म्हणाली, मग जरा थांबली. "ते चुकत होतं म्हणतेस ना? मग तसंच लिही. आणि पोर पायाळू असलं तर मी काय करायची, ते खाली लिही. ते चुकत नव्हतं."